‘रेल्वे टच’ गोदाम: सही करण्याआधी सायडिंग तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोहा-धाटाव, महाड आणि लोटे-परशुराम या आपल्या तीन रासायनिक वसाहतींत सध्या मारवाडातल्या गोदामांची पत्रके फिरत आहेत. ‘जोधपूर-पाली पट्ट्यात रेल्वे टच गोदाम, फ्रेट कॉरिडॉरजवळ, ताबा लगेच’ असा त्यांचा मजकूर. त्यात खोटे काही असेलच असे नाही. पण ‘रेल्वे टच’ याचा अर्थ कुंपणाला लागून रूळ आहे, एवढाच. त्या रुळावर तुमची गाडी उभी राहील आणि तुमच्या नावाची रेल्वे पावती फाटेल, हे त्या दोन शब्दांत कुठेही लिहिलेले नसते. नेमक्या या गफलतीवर साध्या गोदामापेक्षा जास्त भाडे लावले जाते आणि तीन-तीन वर्षांचे लॉक-इन, म्हणजे मधेच जागा न सोडण्याच्या अटी, घातले जातात. म्हणून हा पत्रप्रपंच.

तिकडे गोदाम घेण्याचा विचार मुळात चुकीचा नाही. पाली, बालोतरा, जोधपूर हा कापड रंगाई-छपाईचा जुना पट्टा. आपल्याकडची रंगद्रव्ये, त्यांचे कच्चे घटक आणि सहायक रसायने तिथे खपतात. तिथला गिऱ्हाईक छोटा आहे. त्याला आज दोन टन हवे असतात, आठवड्याने पुन्हा तीन. लोट्याहून हजार-बाराशे किलोमीटरवर दर वेळी अर्धा ट्रक पाठवणे कुणालाच परवडत नाही. शिवाय 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये साठवलेल्या मालाचे काय झाले, ते कुणी विसरलेले नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जोधपूरला चारशेही नाही. थोडा साठा कोरड्या मुलखात ठेवावा, असे वाटणे साहजिक आहे.

आणि जोधपूर वाळवंटाच्या तोंडाशी असले तरी आडबाजूला नाही. मेडता रोडमार्गे जयपूर आणि बिकानेर, फलोदीमार्गे जैसलमेर, लुणीहून एक फाटा पाली-मारवाड जंक्शनकडे आणि दुसरा समदडीमार्गे बाडमेर व भिलडीकडे, अशी चारी दिशांना रेल्वे आहे. भिलडीवरून गुजरातची बंदरे गाठता येतात. दादरी ते जेएनपीए (न्हावा-शेवा बंदर) असा सुमारे पंधराशे किलोमीटरचा, फक्त मालगाड्यांसाठीचा पश्चिम मालवाहतूक कॉरिडॉर मात्र जोधपुरातून जात नाही. तो मारवाड जंक्शनवरून जातो आणि तिथून जोधपूर शंभरेक किलोमीटर लांब आहे. पत्रकात ‘कॉरिडॉरला जोडलेले’ असे असेल तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठे जोडलेले? कॉरिडॉरच्या स्टेशनातून थेट सायडिंग, म्हणजे गोदामापर्यंतचा रुळाचा फाटा, निघते, की मारवाड जंक्शनला कंटेनर उतरवून पुढे ट्रेलरने आणायचा? दुसरी गोष्ट खरी असेल तर ते रस्त्याने जोडलेले गोदाम आहे आणि त्याचे भाडेही त्याच हिशेबाने ठरले पाहिजे.

दोन मजली कंटेनरगाडीचेही तसेच. उंच कंटेनर सोडून साधे घेतले तरी एकाची उंची 2.59 मीटर. असे दोन, अधिक खालच्या वाघिणीचा सुमारे एक मीटर, म्हणजे सव्वासहा मीटरच्या आसपास. नेहमीच्या विद्युतमार्गावरची तार साडेपाच मीटरच्या आसपास असते. तिच्याखालून ही गाडी जाऊच शकत नाही. कॉरिडॉरवर तार साडेसात मीटरच्या घरात आहे, म्हणून तिथे जाते. तेव्हा दलाल दोन मजली गाडीच्या स्वस्त वाहतुकीचा हिशेब मांडू लागला, तर ती गाडी शेवटच्या दारापर्यंत येते की वाटेत वरचा थर उतरवावा लागतो, हे लेखी घ्यावे.

आता खुद्द सायडिंगकडे वळतो. रूळ दिसला म्हणजे सायडिंग चालू आहे, असे धरून चालू नये. सायडिंगचा करार जमीनमालक आणि रेल्वे यांच्यात असतो. भाडेकरू त्यात पक्षकारच नसतो. खासगी सायडिंग एखाद्या कारखान्याने स्वतःच्या मालासाठी बांधलेली असेल, तर तिथे दुसऱ्याचा माल उतरवायला ‘को-यूजर’ म्हणून रेल्वेची परवानगी लागते. ती नसेल तर तुमच्या गोदामासमोर गाडी उभी राहील, पण तिच्यात तुमचा माल नसेल. डिसेंबर 2021 च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणाखाली उभे राहिलेले टर्मिनल असेल तर ही अडचण बरीच कमी होते, कारण ते बाहेरच्या मालासाठीच असते. त्यामुळे मालकाकडे चार कागद मागावेत: रेल्वेशी झालेल्या कराराची प्रत आणि त्याची मुदत, टर्मिनल कोणकोणत्या मालासाठी अधिसूचित आहे त्याचे पत्र, को-यूजर परवानगी, आणि गेल्या तीन महिन्यांत आलेल्या-गेलेल्या गाड्यांची नोंद. चौथा कागद सर्वांत बोलका. प्रत्येक टर्मिनलला रेल्वेचा स्वतःचा अक्षरी कोड असतो आणि गाड्यांची नोंद रेल्वेच्या ‘फॉइस’ या संगणक प्रणालीत राहते. कोडच सांगता येत नसेल, तर पुढची बोलणी साधे गोदाम समजूनच करावीत.

सायडिंग पायी चालून पाहावी. रुळाचा माथा चकचकीत असेल तर गाड्या येतात. तांबूस गंज चढलेला असेल, सांध्यांत वाळू भरली असेल, स्लीपरमधून खेजडीची रोपे वर आली असतील, तर नोंदवही काहीही म्हणो, गाडी महिनोन्महिने आलेली नाही. लांबी मोजावी. पूर्ण गाडी सलग उभी राहायला सातशे मीटरच्या आसपास रूळ लागतो. तीनशे-साडेतीनशे मीटरच असेल तर गाडी दोन तुकड्यांत आत घ्यावी लागते, शंटिंगचा वेळ आणि खर्च वाढतो आणि डेमरेजचे, म्हणजे गाडी जास्त वेळ अडवल्याच्या दंडाचे, घड्याळ मात्र चालूच राहते. माल उतरवायच्या रुळावर वरून विजेची तार आहे का, तेही बघावे. जिवंत तारेखाली रीच स्टॅकर, म्हणजे कंटेनर उचलणारे यंत्र, चालवता येत नाही. तार त्या रुळाच्या अलीकडेच थांबवलेली हवी, नाहीतर ती बंद करून भुईजोड करण्याची सोय आणि ते काम करणारा अधिकृत माणूस हवा. फलाटाची उंचीही मोजावी. रेल्वेच्या नियमाप्रमाणे मालफलाट रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त 1,065 मिलिमीटर असतो, तर ट्रकच्या बाजूचा डॉक साधारण 1.2 मीटर ठेवतात. एकाच गोदामाला दोन्ही बाजू असतील तर आतली जमीन कुठल्या तरी एका बाजूला उतरती केलेली असते किंवा मधे रॅम्प असतो. तो रॅम्प बेताचा नसेल तर टनाचे पॅलेट उचललेली फोर्कलिफ्ट त्यावर झुकते आणि पोती घसरतात.

एवढे सगळे जमले तरी मूळ प्रश्न उरतोच. आपल्याला खरोखर रेल्वेची गरज आहे का? याचे उत्तर गणितात आहे आणि ते घरी बसून करता येते. 25 किलोच्या 40 पोत्यांचे एक पॅलेट म्हणजे एक टन. वीस फुटी कंटेनरमध्ये 1.2 बाय 1 मीटरची दहा पॅलेट खाली बसतात, वर दुसरा थर घातला की वीस टन झाले. गोदामात तोच माल दोन थरांत रचला तर खाली बारा चौरस मीटर जागा व्यापतो. फोर्कलिफ्ट फिरायला तेवढीच जागा, वर तपासणीसाठी आणि फाटलेल्या पोत्यांसाठी थोडी, असे धरून एका कंटेनरमागे तीनशे चौरस फूट लागतात. महिन्याला दहा कंटेनर जात असतील आणि दीड महिन्याचा साठा ठेवायचा असेल तर पंधरा कंटेनरचा माल, म्हणजे साडेचार हजार चौरस फूट. आपल्याकडच्या बहुतेक मध्यम कारखान्यांचे काम यात भागते.

याच्या शेजारी रेल्वेची मोजपट्टी ठेवून पाहा. बंद वाघिणींच्या एका आधुनिक रेकमध्ये, म्हणजे पूर्ण मालगाडीत, 58 वाघिणी असतात आणि तीत साडेतीन हजार टनांहून जास्त माल बसतो. तो एका वेळी उतरवून घ्यायला वरच्याच हिशेबाने साडेबावन्न हजार चौरस फुटांहून जास्त जागा लागेल. तो गाडीबरोबर आलेल्या मोफत तासांतच उतरवायचा असतो. तेवढे हमाल, तेवढ्या फोर्कलिफ्ट आणि रात्रपाळीचे दिवे नसतील तर प्रत्येक वाघिणीमागे, प्रत्येक तासाला डेमरेज लागते. गाडी कधी येणार, ते आपल्या हातात नसते. पहाटे तीनला आली तर तीनलाच काम सुरू करावे लागते. साडेचार हजार फुटांच्या भाडेकरूने रेकचे सायडिंग घेणे म्हणजे स्वतः कधीच न वापरायच्या सोयीचे भाडे भरणे.

आपल्यासाठी योग्य ती कंटेनरगाडी. पंचेचाळीस वाघिणींवर वीस फुटी नव्वद कंटेनर जातात आणि त्यात आपले चार-पाच असले तरी चालतात, कारण गाडी भरायची जबाबदारी ऑपरेटरची असते. इथे स्वतःच्या दारात रूळ असण्याची गरज नाही. गोदाम कंटेनर टर्मिनलच्या आवारात किंवा त्याच्यापासून चार-पाच किलोमीटरवर असले तरी पुरे. आणि एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे, ती दरांच्या बोलणीत नक्की वापरावी. जोधपुरातून लाकडी हस्तकला फर्निचर, ग्वार गम आणि दगड निर्यात होतो. त्यासाठी रिकामे कंटेनर बंदरातून तिकडे न्यावेच लागतात. फर्निचर हलके पण जागा खाणारे, त्याला चाळीस फुटी उंच कंटेनर लागतो. दगड आणि ग्वार गम जड, त्यांना वीस फुटी लागतो. आपली पोती आणि ड्रमही वीस फुटीतच जातात. तेव्हा दगड-ग्वारच्या निर्यातीसाठी जाणाऱ्या वीस फुटी कंटेनरमध्ये आपला माल भरून नेण्याबद्दल ऑपरेटरशी बोलावे. रिकामा नेण्यापेक्षा त्याला ते फायद्याचेच पडते. कस्टमच्या परवानगीचे मात्र त्याच्याकडूनच आधी पक्के करून घ्यावे.

हवेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण यात कोकणातला माणूस हमखास फसतो. आपल्याला ओल माहीत आहे, कोरडेपणा माहीत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लोट्यात भरलेला कंटेनर आतली दमट हवा, ओले लाकडी पॅलेट आणि पोत्यांवरची ओल घेऊन निघतो. राजस्थानात दिवसा पत्रा तापतो, आतल्या लाकडातले पाणी वाफ होऊन बाहेर येते. रात्री पत्रा गार पडला की तीच वाफ छताला थेंब धरते आणि वरच्या थरावर ठिबकते. माल उघडल्यावर वरची पोती दगड झालेली आणि खालची कोरडी दिसली, तर कंटेनरला भोक होते असे समजून ऑपरेटरशी भांडण्यात अर्थ नाही. ते थेंब आपणच आत भरून पाठवलेले असतात. यावर उपाय साधे आहेत. पॅलेटचे लाकूड वीस टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचे घ्यावे किंवा प्लास्टिकचे वापरावे. वरच्या थरावर क्राफ्ट कागद अंथरावा. कंटेनरच्या भिंतींना ओल शोषणाऱ्या लांब पिशव्या टांगाव्यात. आणि पाऊस चालू असताना उघड्या डॉकवर भरणी करू नये.

तिकडच्या गोदामात दुसरीच तऱ्हा. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळिशीला जातो आणि नुसत्या पत्र्याच्या छताखाली वरच्या थराला त्याहून जास्त ताप लागतो. छताखाली काचलोकराचा थर आहे का, माथ्यावर वारा खेचणारे व्हेंटिलेटर आहेत का, हे पाहावे आणि शक्यतो दुपारी दोन वाजता आत उभे राहून पाहावे. सकाळी अकराला दाखवलेले गोदाम कुणालाही आवडते. आंधीत बारीक वाळू शटरच्या खालच्या फटीतून आत येते. ती फिकट रंगद्रव्याच्या पोत्यात शिरली तर माल नाकारला जातो, फोर्कलिफ्टच्या एअर फिल्टरमध्ये गेली तर मशीन बंद पडते. शटरला ब्रशची पट्टी लावून देण्याचे काम मालकाकडून ताबा घेण्याआधी करून घ्यावे.

काजूवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. गराचा ओलावा पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो आणि कोरडी हवा त्याला मानवते, हे खरे. पण काजूगर आणि रसायने एका गोदामात कधीही ठेवू नयेत, एका कंटेनरमध्येही नाही. आधी रसायन वाहिलेला कंटेनर धुतला तरी वास सोडत नाही. अन्नपदार्थांसाठी एफएसएसएआयचा परवाना त्या जागेचा वेगळा लागतो, इथला तिथे चालत नाही. हापूसचा गर ॲसेप्टिक ड्रममध्ये टिकतो, पण उन्हाळाभर तापत्या पत्र्याखाली ठेवला तर रंग काळवंडतो. त्याच्यासाठी वातानुकूलित जागाच हवी, तीत काटकसर नको.

आता करारनामा. जमीन शेतीची असेल तर आपल्याकडे जसे एन.ए. पाहतो, तसे राजस्थानात जमीन महसूल कायद्याच्या कलम 90-ए खाली रूपांतर झाले आहे का ते पाहावे. भूखंड रिकोचा (राजस्थानच्या औद्योगिक महामंडळाचा) असेल तर मालकाला पोटभाड्याने देण्याची परवानगी आहे का, हे रिकोकडून लेखी घ्यावे. एमआयडीसीत आपण हे रोज पाहतो, तिथे वेगळे असण्याचे कारण नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवलाच पाहिजे. अकरा-अकरा महिन्यांचे कागद करून तीन वर्षांचा लॉक-इन लावला असेल, तर त्या लॉक-इनबद्दल आधी वकिलाशी बोलावे. भाडे कोणत्या क्षेत्रफळावर, आतल्या वापराच्या की फलाट-छज्जासह एकूण, ते चौरस फुटांत आकड्यानिशी लिहून घ्यावे.

जीएसटीत तर चूक ठरलेली असते. स्थावर मालमत्तेचे भाडे जिथे मालमत्ता तिथे करपात्र, त्यामुळे मालक राजस्थानचा सीजीएसटी-एसजीएसटी मिळून 18 टक्के लावणार. त्याची वजावट फक्त राजस्थानच्या, म्हणजे 08 ने सुरू होणाऱ्या नोंदणीवर मिळते. तुमच्याकडे फक्त महाराष्ट्राचा 27 चा क्रमांक असेल तर ते 18 टक्के कायमचे गेले. आणि तिथे साठा ठेवून विकायचा तर राजस्थानची नोंदणी तशीही लागतेच. इथून तिथे स्वतःच्याच गोदामात माल पाठवला तरी दोन नोंदण्या कायद्याने वेगळ्या मानल्या जातात, आयजीएसटी भरून बीजक काढावे लागते. पुढे वजावट मिळते, पण तोवर तो पैसा अडकतो. खेळत्या भांडवलाच्या हिशेबात हा आकडा बहुतेक जण धरतच नाहीत.

रेल्वेची सोय म्हणून जास्त भाडे देणार असाल तर ते करारात वेगळे दाखवून घ्या: गोदामाचे इतके, सायडिंगचे इतके. सायडिंग सलग तीस दिवस बंद राहिले तर दुसरा भाग द्यायचा नाही, नव्वद दिवस बंद राहिले तर लॉक-इन सुटेल, असे कलम घाला. डेमरेज आणि व्हार्फेज (उतरवलेला माल रेल्वेच्या जागेत पडून राहिल्याचे शुल्क) कोणाच्या चुकीने कोण भरणार, तेही तिथेच लिहा. मालक यावर किती कुरकुरतो, यावरून सायडिंगची खरी परिस्थिती कळते.

शेवटी आपल्या बाजूचे. रोहा, महाडसाठी वीर, लोट्यासाठी खेड, तिन्ही वसाहतींना रेल्वे हाकेच्या अंतरावर आहे. तरी मारवाडला जाणारा कंटेनर आपण आधी ट्रेलरवर चढवून पनवेल-उरणकडे पाठवतो. लोट्याहून तो दोनेकशे किलोमीटर रस्ता, भोस्ते आणि कशेडी घाट पार करून, भर पावसात. कोलाडहून सुटणारी रो-रो सेवा ट्रक घेऊन दक्षिणेला वेर्णे-सुरतकलकडे जाते, उत्तरेला तिचा उपयोग नाही. वीरच्या पुढे मार्ग एकेरी आहे, पावसाळी वेळापत्रकात वेग कमी होतो आणि जुलै 2024 मध्ये दिवाणखवटीजवळ माती रुळावर आल्यावर वाहतूक दिवसभर ठप्प होती, हे सगळे मान्य. पण रोह्यापासून वीरपर्यंत दुहेरीकरण झालेले आहे. तिथल्या एखाद्या मालधक्क्यावर आठवड्यातून एकदा कंटेनर भरायची सोय झाली, तर तिन्ही वसाहतींचा उत्तरेकडचा माल एकत्र करता येईल. त्यासाठी कोकण रेल्वेकडे नुसते निवेदन नेऊन भागणार नाही, आकडे न्यावे लागतील. तिन्ही ठिकाणच्या उद्योजक संघटनांनी आपापल्या सभासदांकडून गेल्या बारा महिन्यांचे ई-वे बिलांवरून जिल्हावार टन काढावेत: पाली, जोधपूर, बालोतरा, भिलवाडा, जयपूर. हे काम एका लेखनिकाला पंधरा दिवसांचे आहे. त्याच आकड्यांवरून पाच-सहा कारखान्यांना मिळून टर्मिनलच्या आवारात पंचवीस-तीस हजार फुटांचे एकच गोदाम घेता येईल का, तेही ठरेल. आपल्या दैनिकाने या विषयाला जागा द्यावी आणि संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना याबद्दल विचारावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
मालवाहतूक व्यवसायातील एक वाचक
खेड, जि. रत्नागिरी